सैनिकाची दृष्टि



सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें एक गांव आहे. पहिल्या महायुद्धांत या एका गांवचे ४६ जवान कामास आले. लोक आजहि त्यास 'अपशिंगे मिलिटरी' असेंच म्हणतात. देशांतील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजीं निघाली, ती साताऱ्यासच. तेथें शिकून पुढें पॅरा विशेष दलांत गेलेले कर्नल संतोष महाडिक २०१५ सालीं काश्मिरांत धारातीर्थीं पडले. अशा या मुलखांत, सातारा असो वा सांगली, पहांटेच्या अंधारांत धांवण्याचा सराव करणारीं मुलें दिसलीं तर नवल नाहीं.

हीं मुलें पायांची तयारी करतात, छातीची करतात. डोळ्यांची आठवण मात्र पुष्कळदां वैद्यकीय तपासणीच्या दिवशींच होते. फलकावरची खालची ओळ वाचतां आली नाहीं, म्हणजे चार वर्षांची मेहनत चार मिनिटांत वायां जाते. माझें आजचें सांगणें एवढेंच कीं, ही तपासणी शेवटीं नव्हे, तर आरंभीं करावी.

हा अक्षरांचा फलक १८६२ सालीं स्नेलेन या डच नेत्रवैद्यानें तयार केला. ६/६ दृष्टि म्हणजे निकोप डोळ्यास सहा मीटरांवरून जें वाचतां येतें, तें तुम्हांसहि तितक्याच अंतरावरून येतें. ६/९ म्हणजे इतरांस नऊ मीटरांवरून दिसणारें अक्षर वाचण्यास तुम्हांस सहा मीटरांवर यावें लागतें. पायदळ, आरमार व विमानदल यांच्या अटी निरनिराळ्या आहेत. वैमानिकाच्या सर्वांत कडक. चष्म्यास कोठें किती मुभा आहे, हें त्या त्या वर्षींच्या जाहिरातींत स्वतः वाचावें; ऐकीव गोष्टींवर विसंबूं नये.

दुसरी परीक्षा रंगांची. रंगीत ठिपक्यांत आंकडे लपविलेलीं चित्रें जपानी लष्करी वैद्य इशिहारा यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलीं. तांबड्या-हिरव्या रंगांतील भेद ज्यास कळत नाहीं, त्यास तो आंकडा दिसत नाहीं. हा दोष बहुधा जन्मजात असतो, स्त्रियांपेक्षां पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो, आणि त्यावर उपाय नाहीं. तो दहाव्या वर्षीं कळला तर मुलगा दुसरी वाट धरूं शकतो. विसाव्या वर्षीं कळला तर मन मोडतें.

कित्येक पालक म्हणतात, "लेसरनें नंबर घालवूं." नेत्रगोल लांबट झाला म्हणजे दूरचें अंधुक दिसतें. लेसरनें बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो. गोलाची लांबी तशीच राहते. म्हणून लष्करी वैद्य शस्त्रक्रियेच्या वेळचें वय, मध्यें गेलेला काळ व आंतील पडद्याची स्थिति हीं सारीं पाहतात. तेव्हां घाई करूं नये.

मग करावें काय? शाळेंत जाऊं लागतांच मुलाचा एकेक डोळा झांकून पाहावा. एक डोळा चांगला असला कीं दुसऱ्याचा अधूपणा घरांत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. अशा मागें पडलेल्या डोळ्यावर लहानपणींच इलाज चांगला होतो. रोज दोनएक तास उघड्यावर, उजेडांत खेळणाऱ्या मुलांत दूरचें अंधुक दिसण्याचा दोष कमी उद्भवतो, असें अलीकडील संशोधन सांगतें. डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय काढलें, तेव्हांपासून दक्षिण महाराष्ट्र उपचारासाठीं मिरजेची वाट चालत आला आहे. ती वाट भरतीच्या आदल्या आठवड्यांत नव्हे, मुलाच्या सहाव्या-सातव्या वर्षीं धरावी.

शेवटीं एक गोष्ट. फलकावरचीं अक्षरें पाठ करून जाण्याचा मोह कित्येकांस होतो. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, रात्रीं पहाऱ्यावर पाठांतर उपयोगीं पडत नाहीं. तेथें सोबत्यांचे प्राण आपल्या नजरेच्या स्वाधीन असतात. डोळा अधू म्हणून परत यावें लागलें, तर त्यांत मानहानि नाहीं. शौर्य डोळ्यांत नसतें. परंतु शूरास खरें दिसलें पाहिजे, आणि त्यानें खरें सांगितलें पाहिजे.