पाण्याचा पहारेकरी

(हौशी लेसर-यंत्रासाठीं प्रवाह-खटका कसा निवडावा : नभोवाणीवरील भाषण)



हौशी कारागिराच्या घरांत पूर्वीं करवत आणि रंधा असे. आतां त्यांच्या जोडीला लेसर-किरणानें लांकूड व अॅक्रिलिक कापणारें लहानसें यंत्रही येऊन बसूं लागलें आहे. कोणी त्यावर दाराच्या पाट्या करतो, कोणी गणपतीच्या मखरासाठीं जाळीची नक्षी कापतो. या यंत्राचा प्राण म्हणजे आंतील कांचेची नळी. ती फुटली, कीं यंत्राच्या किंमतीचा मोठा हिस्सा एका क्षणांत गेला असें समजावें. आणि ती फुटण्याचें अगदीं साधें कारण म्हणजे तिच्यांतील पाणी थांबणें. तें थांबतांच किरण आपोआप बंद करणारा जो खटका, ज्याला बाजारांत फ्लो स्विच म्हणतात, तो कसा निवडावा याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

कार्बन डाय-ऑक्साइड वायूवर चालणारा हा लेसर १९६४ सालीं डॉ. कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिद्ध केला. पटेलांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला आणि अभियांत्रिकीचें शिक्षण त्यांनीं पुण्याच्या कॉलेजांत घेतलें. तेव्हां या यंत्राचें आपल्याशीं कांहींएक नातें आहेच. हौशी यंत्राच्या नळींत एकींत एक अशा तीन कांचेच्या नळ्या असतात. सर्वांत आंतल्या नळींत विजेच्या योगानें वायु चेततो, तिच्या भोंवतीं पाणी खेळतें, आणि बाहेरच्या नळींत वायूचा सांठा असतो. दिलेल्या विजेचा थोडासाच अंश किरण होऊन बाहेर पडतो. बाकीची उष्णता होते, आणि ती पाण्यानेंच वाहून न्यावी लागते.

थोडा हिशेब करूं. ४० वॅटच्या नळींत ३०० वॅट उष्णता उत्पन्न होते असें धरा. मिनिटाला २ लिटर पाणी वाहत असेल, तर नळींतून जातांना तें जेमतेम २ अंशांनीं तापतें. प्रवाह अर्ध्या लिटरवर आला, तर साडेआठ अंशांनीं. आणि तो साफ थांबला, तर नळींत अडकलेलें पाणी पाव लिटर धरल्यास तें मिनिटाला १७ अंशांनीं तापत जातें. कारागिराची नजर नक्षीवर खिळलेली असते, तेवढ्यांत कांच तडकण्याची वेळ येते. मागाहून घाईनें पंप चालू करावा, तर तापल्या कांचेवर थंड पाणी आल्यानें ती तडकण्याचा संभव अधिकच वाढतो.

पाणी थांबण्याच्या वाटा अनेक आहेत. पंपाचा प्लग वेगळा असल्यामुळें तो लावावयाचाच राहतो, रबरी नळी मुडपते, शेवाळ धरतें, पंपाचें चक्र अडकतें, बादलींतील पाणी आटून पंप हवा ओढूं लागतो. खटका असा हवा, कीं यांपैकीं कोणतीही गोष्ट घडो, तो किरण थांबवील. या एकाच कसोटीवर बाजारांतील जाती पारखून घ्याव्या.

पहिली जात दाबावर चालणारी. ती स्वस्त असते. पण पंपाच्या पुढें ती बसवली आणि तिच्याही पुढें नळी मुडपली, तर दाब कमी न होतां वाढतो, आणि खटका 'सर्व ठीक आहे' असेंच सांगत राहतो. बादलींतील तरंगता खटका पाण्याची पातळी पाहतो, प्रवाह नव्हे. दोघेही उपयोगी, परंतु मुख्य साक्षीदार होण्यास नालायक.

दुसरी जात खऱ्या प्रवाहावर चालणारी. हिच्यांत पाण्याच्या रेट्यानें एक लहान दट्ट्या किंवा पातें सरकतें, त्यांतील लोहचुंबक बाहेरच्या बंद कांचनळींतील दोन पत्र्या जुळवतो, आणि मंडल पूर्ण होतें. हौशी माणसानें प्रथम हीच जात पाहावी. कांहीं खटक्यांत दट्ट्या स्वतःच्या वजनानें खालीं येतो. ते उभेच बसवावे लागतात. स्प्रिंगचे खटके आडवेही चालतात. बाणाची दिशा मात्र दोहोंतही पाळलीच पाहिजे.

तिसरी जात चक्राची. पाण्यानें चक्र फिरतें आणि विजेचे ठोके मिळतात. एका प्रचलित चक्रांत मिनिटाला १ लिटर प्रवाहास सेकंदाला सुमारें साडेसात ठोके पडतात. हा खटका नव्हे, मापक होय. त्याचे ठोके मोजणारें लहान विद्युत्-मंडल हवें. तें न जोडतां याची तार थेट यंत्राला लावणें धोक्याचें. कारण थांबलेलें चक्रही कधीं कधीं 'चालू' अशी खूण देऊन बसतें.

आतां मर्यादेची गोष्ट. नळीच्या कारखानदारानें सांगितलेला कमींत कमी प्रवाह आधीं पाहावा. मग परतीची नळी एक लिटरच्या बाटलींत सोडून घड्याळ लावावें. ३० सेकंदांत बाटली भरली, तर प्रवाह मिनिटाला २ लिटर झाला. खटका या दोन आंकड्यांच्या मध्यें कोठें तरी सुटला पाहिजे. येथें एक बारकावा आहे : खटका जुळतो एका प्रवाहाला आणि सुटतो त्याहून कमी प्रवाहाला. आपल्याला महत्त्वाचा तो सुटण्याचा आंकडा. नुसत्या झिरपत्या धारेवरही जुळून राहणारा खटका फुकट मिळाला तरी घेऊं नये.

तो बसवावा परतीच्या वाटेवर, नळीच्या पुढें. म्हणजे वाटेंत कोठेंही गळती झाली तरी त्याला कळेल. तो असा असावा, कीं प्रवाह नसतांना मंडल तुटलेलें राहील. मग तार तुटली तरीही किरण थांबतो. तो यंत्राच्या वीजपुरवठ्यावरील पाण्याच्या रक्षणासाठीं ठेवलेल्या बारीक दाबाच्या टोकांना जोडावा. त्याच्या नाजूक पत्र्यांतून घरची २३० व्होल्टची वीज नेल्यास त्या एकमेकींस चिकटतात, आणि पहारेकरी कायमचा 'ठीक आहे' म्हणूं लागतो. झांकणाचा खटका याच्याशीं एकसरींत असावा, म्हणजे दोहोंपैकीं एक सुटला तरी काम थांबेल.

हा खटका काय करीत नाहीं, तेंही ध्यानांत असूं द्यावें. २० लिटरच्या बादलींतील पाणी त्याच ३०० वॅटनीं तासाला १३ अंशांपर्यंत तापूं शकतें; प्रवाह उत्तम, खटका समाधानी, आणि नळी मात्र गरम! म्हणून तपमापक वेगळा हवाच. हा किरण डोळ्यांना दिसत नाहीं, परंतु डोळे जाळूं शकतो. त्याचें रक्षण झांकण व योग्य चष्मा यांनींच होतें. आणि कापतां कापतां लांकूड पेटूं शकतें, म्हणून यंत्र एकटें सोडून कधींच जाऊं नये.

शेवटीं एक नेम. रोज कामाच्या आरंभीं, झांकण लावून, मुद्दाम पंप बंद ठेवून किरण मागावा. यंत्रानें तो नाकारला, तरच पंप चालू करून कामास लागावें. एकदां जरी पाण्याशिवाय किरण मिळाला, तरी त्या दिवशीं काम बंद ठेवून खटका दुरुस्त करावा. पाणी पाहणारा, बिघडतांना काम थांबवूनच बिघडणारा, आणि ज्याची रोज परीक्षा घेतां येते, असा खटका मग किंमतीनें थोडा जास्त असला तरी हरकत नाहीं. त्याची किंमत नळीच्या किंमतीशीं ताडून पाहावी, म्हणजे निवड करणें सोपें होईल.