जुलैमधला हिवाळा

स्पॅनिशच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत ऋतूंची चार नावे भेटतात. प्रिमाबेरा म्हणजे वसंत, बेरानो उन्हाळा, ओतोन्यो शरद आणि इंबिएर्नो हिवाळा. ही नावे मला एका संध्याकाळी पाठ झाली. ती समजायला मात्र इतिहासात डोकवावे लागले.

सर्वांतेसच्या ‘दोन किहोते’चा दुसरा भाग १६१५ साली आला. त्यात ऋतू चार नव्हे, पाच मोजले आहेत! तिथे कडक उन्हाळ्याला ‘एस्तीयो’ असा वेगळा शब्द आहे आणि बेरानो त्याच्या आधी येतो.

सोळाव्या शतकात हे शब्द जहाजांतून अमेरिकेत गेले. दक्षिण स्पेनमध्ये पाऊस मुख्यतः थंडीत पडतो. मध्य अमेरिकेत तशी थंडी नाही, पण पाऊस भरपूर; मग त्या पावसाळ्यालाच इंबिएर्नो म्हटले गेले. म्हणून कोस्टा रिकात जुलैमध्ये कोणी ‘इंबिएर्नो’ म्हणाले, तर छत्री घ्यायची. अर्जेंटिनात त्याच जुलैमध्ये स्वेटर, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला तेव्हा खराच हिवाळा असतो.

‘एपोका’ हा शब्दही पाहा. ‘एपोका कोलोनियाल’ म्हणजे वसाहतकाळ आणि ‘एपोका दे यूबियास’ म्हणजे पावसाळा. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘शिवकाळ’ आणि ‘पावसाळा’ या दोन्ही शब्दांत ‘काळ’च तर आहे!

परकी भाषा शिकणाऱ्यांना मी एवढेच सुचवेन: वहीत शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नका, कुठला आणि केव्हाचा, तेही लिहा.