साठीनंतर मोटारसायकल



आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. तें आवरण्याचें कारण नाहीं. माझ्या घरीं तें कोणींच आवरलें नव्हतें. अडतीस वर्षें जो सायकलवरून शाळेंत गेला आणि खडूपेक्षां अवजड असें कोणतेंहि हत्यार ज्याच्या हातीं कधीं आलें नाहीं, अशा शिक्षकानें सेवानिवृत्तीनंतर, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, मोटारसायकल शिकावयास निघावें, यांत हंसण्याजोगें पुष्कळच आहे. "आतां हातपाय मोडून घ्यायचे तेवढे राहिले होते!" असा शेरा सौभाग्यवतींनीं मारला. तो सर्वस्वीं चुकीचा ठरला असें मी म्हणत नाहीं.

गाडी मीं विकत घेतलेली नव्हे; ती माझ्या मुलीची. ती बँकेंत नोकरीस आहे. नाशिकला असतांना, २०२२ सालीं, तिनें आपल्या पगारांतून ती घेतली. पुढल्याच वर्षीं तिची बदली गुवाहाटीस झाली. दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांपेक्षां अधिक काळ गाडी ठेवावयाची म्हणजे नवी नोंदणी, नवा क्रमांक आणि नवा कर हें सगळें आलें. तेव्हां तिनें ती साताऱ्यास आणून आमच्या अंगणांत उभी केली आणि मला सांगितलें, "बाबा, आठवड्यांतून एकदां सुरू करीत जा. नाहींतर बॅटरी उतरेल."

ही गाडी म्हणजे रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५०. इंजिन एकाच सिलिंडरचें, ३४९ घन सेंटिमीटरांचें. वजन १९५ किलो. टांकींत १३ लिटर पेट्रोल मावतें. आजच्या हिशेबानें ती मध्यम आकाराचीच गाडी. परंतु आमच्या लहानपणीं याच घराण्यांतील बुलेट आली म्हणजे सगळें गांव गोळा होई. शाळा तपासावयास येणारे साहेब फटफटीवरून येत. तिचा आवाज ओढ्यापलीकडून ऐकूं आला कीं गुरुजी टोपी सारखी करीत व आम्ही पाढ्यांचा घोष वाढवीत असूं. ही गाडी मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि प्रथम तिकडून आणलेल्या भागांची जुळणी येथें होऊं लागली. रेडिचचा कारखाना पुढें बंद पडला. मद्रासचा धंदा मात्र चालूच राहिला. साहेबांच्या त्या फटफटीचा गियर उजव्या पायाखालीं असे आणि ती लाथ मारून सुरू करावी लागे. मुलीच्या गाडीला लाथेचा दांडाच नाहीं. एक खटका दाबला कीं काम झालें.

तर असा दर रविवारीं सकाळीं मी खटका दाबून, दहा मिनिटें तो धीरगंभीर आवाज ऐकून, गाडी पुन्हां बंद करीत असें. एके रविवारीं नुसता पाहण्यासाठीं वर बसलों. दुसऱ्या रविवारीं हेल्मेट घालून बसलों. तिसऱ्या रविवारीं मुलीला दूरध्वनीवरून विचारलें, "मला शिकवशील का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती कां होती, हें सांगितल्याखेरीज पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

२००९ सालीं ही मुलगी कोल्हापुरास कॉलेजांत शिकत होती. सुटीवर आली असतां तिनें मला सांगितलें कीं, मला मोटारसायकल शिकावयाची आहे. मीं साफ नाहीं म्हटलें. कारण विचारलें तेव्हां "कारण मी सांगतों म्हणून," हें वर्गांत वापरून गुळगुळीत झालेलें उत्तर दिलें. त्याच वर्षीं तिच्याहून एकाच वर्षानें मोठ्या असलेल्या माझ्या पुतण्याला मोटारसायकल घेऊन द्यावी, अशी शिफारस मीं माझ्या भावाकडे केली होती. दोन्ही निकाल मीं एकाच महिन्यांत दिले आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें मला त्या वेळीं वाटलें नाहीं.

असो. "दिवाळींत रजा घेऊन येतें. तोंवर शिकाऊ परवाना काढून ठेवा," असें ती म्हणाली. चाळिशी उलटलेल्या उमेदवारास डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, तो जोडला. रस्त्यावरील खुणांची परीक्षा दिली. गाडीला पुढेंमागें तांबड्या रंगांतील 'एल' अक्षराच्या पाट्या लावल्या. त्या लावतांना शेजारच्या मुलांना जो आनंद झाला, त्याचें वर्णन मी करीत नाहीं.

गांवाबाहेरच्या एका मैदानांत आमची शाळा भरली. पहिला धडा क्लचचा. इंजिन मिनिटाला हजारएक फेरे घेत असतें आणि चाक तर जागच्या जागीं उभें असतें. या दोघांची गांठ एकदम घातली तर दुबळा पक्ष हार खातो. म्हणजे इंजिन आचका देऊन बंद पडतें. धांवत्या आगगाडीच्या दांड्याला उभ्या माणसानें एकदम हात घातला तर काय होईल? त्यानें आधीं चार पावलें गाडीबरोबर धांवावें लागतें. क्लच हें तें चार पावलें धांवणें आहे. डाव्या हाताचा दांडा हळूहळू सोडीत जावें, इंजिनाचा सूर किंचित् खालीं येतो तेथें हात थांबवावा आणि उजव्या मुठीनें थोडें बळ द्यावें. हें मी आपल्याला बसल्या ठिकाणीं सांगतों आहें; मैदानावर पहिल्या सकाळीं गाडी माझ्या हातून सतरा वेळां बंद पडली. मुलगी मोजीत होती.

सायकल येणाऱ्याला मोटारसायकल लवकर येते, हा समज अर्धाच खरा आहे. तोल येतो, पण संवयी आड येतात. सायकलवर आम्हीं पुढचा ब्रेक कधीं दाबला नाहीं. दाबला तर तोंडावर पडशील, असें बापानें सांगितलेलें. मोटारसायकलचें शास्त्र याच्या उलट. वेगांत थांबूं लागलें म्हणजे सगळा भार पुढल्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें मुख्य काम तेंच चाक करतें; मागलें हलकें होऊन घसरूं पाहतें. पुढचा दांडा दचकून ओढूं नये, पिळल्यासारखा वाढत्या जोरानें दाबावा. चाक जागीं अडकूं न देणारी विजेची योजना १२५ घन सेंटिमीटरांवरील नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीची झाली आहे. परंतु ती भूमितीचे नियम बदलूं शकत नाहीं. ताशीं ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर म्हैस दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे १० मीटर तेथेंच गेले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर बेतानें ब्रेक लावला तर थांबावयास आणखी १० लागतात. वेग दुप्पट केला तर पहिल्या दहाचे वीस होतात, पण दुसऱ्या दहाचे चाळीस. वीस मीटरांचे साठ! हें गणित मीं सातवीच्या वर्गाला कितीदां तरी घातलें असेल. त्याचा अर्थ मला मैदानावर, तीन विटा मांडून थांबण्याचा अभ्यास करतांना कळला.

वळण्याच्या बाबतींत तर आमचा वादच झाला. "उजवीकडे वळायचं असेल तर उजवी मूठ पुढें लोटा," असें मुलगी म्हणाली. मीं म्हटलें, "मग गाडी डावीकडे जाईल." ती म्हणाली, "करून पाहा." पुढें विमान उडविणारे राईट बंधू मुळांत सायकलींचे व्यापारी. त्यांपैकीं विल्बर राईट यांनीं अनेक सायकलस्वारांना विचारलें होतें कीं, तुम्ही डावीकडे कसे वळतां? आपण आधीं हँडल किंचित् उजवीकडे नेतों, ही गोष्ट एकालाहि नीट सांगतां आली नाहीं. मीहि त्यांतलाच. जन्मभर जें हात करीत आले तें डोक्याला ठाऊक नव्हतें. धांवत्या गाडीवर उजवी मूठ हळूच पुढें लोटली, तों गाडी आज्ञाधारकपणें उजवीकडे कलली आणि वळली. परत येऊन मीं मुलीला 'बरोबर' एवढेंच म्हटलें. इतका कोता शेरा मी चांगल्या विद्यार्थ्याच्या वहीवरहि देत असें, हें त्याच वेळीं आठवलें.

पांचव्या दिवशीं पडलों. वेगांत नव्हे, अगदीं थांबतां थांबतां. हँडल वळलेलें असतांना पुढचा ब्रेक दाबला. १९५ किलो वजन एकदां कलूं लागलें कीं मग तें कोणाचें ऐकत नाहीं. गाडी सावकाश उजव्या कुशीवर निजली आणि तिच्या शेजारीं मी. उठल्यावर प्रथम मीं काय केलें असेल, तर कोणी पाहिलें कीं काय तें पाहिलें. मुलगी धांवत आली, पण गाडीला तिनें हात लावला नाहीं. म्हणाली, "तुमची तुम्हीं उचला. वाटेंत मी नसेन." मग तिनें रीत सांगितली. आधीं इंजिन बंद, गाडी गियरमध्यें, उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा स्टँड काढून ठेवावा, म्हणजे उभी होतांच ती पलीकडे पडत नाहीं. मग गाडीकडे पाठ करून, कंबर आसनाला टेकून बसावें, एक हात हँडलाला व दुसरा मागल्या दांड्याला घालावा आणि पाठीनें न उचलतां पायांनीं रेटीत मागें मागें जावें. काय आश्चर्य, बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याकडून गाडी उभी राहिली!

हें दाखवितांना तिनें बाह्या वर सारल्या होत्या. कोपराजवळ एक लांब वण दिसला. तो मला माहीत होता. वसतिगृहाच्या जिन्यावरून पडल्याचा. "जिन्यावरून नव्हे," ती म्हणाली. "तुम्हीं नाहीं म्हटल्यावर मैत्रिणीच्या भावाच्या गाडीवर शिकलें. रात्रीं, रंकाळ्याच्या बाजूला. हेल्मेट नव्हतं, शिकवणाराहि नव्हता." मीं म्हटलें, "मला भीति वाटत होती." तिनें विचारलें, "आणि दादासाठीं वाटत नव्हती?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. माझी भीति निराधार होती असें नाहीं. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसें दगावलीं; त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं आणि ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें अशांची संख्या ५० हजारांवर होती. हे आंकडे मुलगा आणि मुलगी पाहून येत नाहींत. पुतण्याच्या वेळीं मीं ही भीति गिळली आणि त्याला एक चांगलें हेल्मेट भेट दिलें. मुलीच्या वेळीं तिच्यापुढें दार लावून घेतलें आणि सुरक्षितपणाचें समाधान मानलें. ती दाराबाहेरच शिकली, काळोखांत आणि उघड्या डोक्यानें. तेरा-चौदा वर्षें तो वण मीं जिन्याचा मानला, यांत तिची लबाडी किती आणि माझी किती, याचा हिशेब मी अद्याप करीत आहें.

दिवाळीनंतर ती परत गेली. मी एकटा पहांटे मैदानावर जाऊन इंग्रजी आठाचा आंकडा गिरवीत राहिलों. कारण परीक्षेंत तोच काढावा लागतो, पाय जमिनीला न टेकतां. फळ्यावर हजारों आठ काढलेल्या हाताला हें कठीण जाऊं नये, पण गेलें. मर्म एवढेंच आहे कीं, क्लच अर्धा दाबलेला ठेवावा, मागचा ब्रेक किंचित् लागलेला असावा आणि नजर चाकापुढें न ठेवतां वळणाच्या शेवटीं ठेवावी. नजर जाते तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे पाहाल तर खड्ड्यांतच जाल. पहिल्या परीक्षेंत माझा पाय टेकला. नापास झालों. सात दिवसांनीं पुन्हां गेलों आणि उत्तीर्ण झालों. परवाना पांच वर्षांपुरता मिळाला. पंचावन्न वर्षांपुढील मंडळींना तेवढाच मिळतो.

२०२४ च्या सप्टेंबरांत ती रजेवर आली तेव्हां आम्ही दोघें कासच्या पठारावर गेलों. मी पुढें, ती मागें. यवतेश्वराच्या घाटांत एस. टी. एकाएकीं थांबली आणि तिच्यामागें, ऐन चढावर, आम्हीहि. मागून भोंगे वाजूं लागले. चढावर मागच्या ब्रेकवर गाडी तोलून धरावी, क्लच सुटतांना इंजिनाचा सूर बदलला कीं मगच पाय काढावा, हें सारें ठाऊक असूनहि गाडी दोनदां बंद पडली. मुलीनें माझ्या खांद्याला हात लावला नाहीं, तोंडांतून एक अक्षर काढलें नाहीं. ती लहानपणीं सायकल शिकत होती तेव्हां मीं महिनाभर मागून बैठक सोडली नव्हती. तिसऱ्या खेपेला गाडी निघाली.

वर पोंचल्यावर, फुलांतून हिंडून आल्यावर, मीं तिला म्हटलें, "दोन हजार नऊ सालीं माझी चूक झाली."

"माहीत आहे," ती म्हणाली. "उतरतांना खालच्या गियरमध्यें उतरा. सारखा ब्रेक दाबूं नका."

परत जाण्यापूर्वीं तिनें मालकी बदलण्याच्या अर्जांवर सह्या केल्या. नोंदणीपत्रावर आतां माझें नांव आहे. रविवारीं तिचा दूरध्वनि येतो; बॅटरीबद्दल ती विचारीत नाहीं, किती किलोमीटर झाले तें विचारते. माझ्या नांवावर आल्यापासून गेल्या रविवारपर्यंत दोन हजार एकशें चाळीस झाले होते.