मेट्रन आयरीन ड्रमंड यांचे स्मरण



हाती शस्त्र न घेता रणभूमीवर प्राण वेचणाऱ्यांचा उल्लेख युद्धाच्या इतिहासात क्वचितच विस्ताराने येतो. ज्यांचा देहही स्वकीयांच्या हाती लागला नाही, त्यांचे स्मरण तर अधिकच अवघड. ऑस्ट्रेलियन लष्करी शुश्रूषा सेवेतील मेट्रन आयरीन ड्रमंड या अशांपैकी एक होत.

जपानी सैन्य सिंगापूरच्या वेशीवर येऊन ठेपले असता, १२ फेब्रुवारी १९४२ रोजी ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिका ‘वायनर ब्रूक’ या जहाजाने तेथून निघाल्या. १४ फेब्रुवारीस सुमात्रालगतच्या बांका सामुद्रधुनीत बॉम्बवर्षावाने ते जहाज बुडाले. १२ परिचारिकांना जलसमाधी मिळाली. मेट्रन ड्रमंड व त्यांच्या २१ सहकारी बांका बेटाच्या राडजी किनाऱ्यास लागल्या.

तेथे अनेक जखमी होते, अन्न नव्हते. शरण जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. स्त्रिया व मुलांनी पुढे मुंटोक गावाकडे चालू लागावे, असे मेट्रन ड्रमंड यांनी सुचविले. परिचारिका मात्र जखमींपाशी थांबल्या. त्यांच्या दंडांवर रेडक्रॉसचे चिन्ह होते.

१६ फेब्रुवारीस जपानी सैनिक आले. त्यांनी प्रथम पुरुषांना ठार केले. नंतर परिचारिकांना समुद्रात चालत जाण्यास फर्मावून पाठीमागून मशीनगनचा मारा केला. अखेरच्या क्षणीही मेट्रन ड्रमंड सहकाऱ्यांना धीर देत होत्या. त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते. २१ जणी मृत्युमुखी पडल्या. मेट्रन ड्रमंड यांचा देह पुढे कधीच मिळाला नाही.

हे जगाला कळले ते व्हिव्हियन बुलविंकल या एकमेव वाचलेल्या परिचारिकेमुळे. गोळीने जखमी झालेल्या बुलविंकल यांनी साडेतीन वर्षांच्या बंदिवासात हे रहस्य जपले आणि १९४६ साली टोकियो येथील न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली.

सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर, ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. मेट्रन ड्रमंड यांचे नाव तेथे आहे. भारतीय लष्करातील हजारो जवानांचीही आहेत.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यात व कोकणात काही गावांतून पहिल्या महायुद्धाचे स्मृतिफलक आढळतात. गावातून किती जण गेले आणि किती कामी आले, एवढी संख्याच त्यांवर बहुधा असते; नावे नसतात. ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी वडीलधाऱ्यांना विचारून, घरोघरचे जुने कागद पाहून ती नावे नोंदवून ठेवावीत. ज्यांची समाधी नाही, त्यांना गावात परत आणण्याचा हाच एक मार्ग उरला आहे.