सुगीतील दान, पेरणीतील आधार



वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने पावसाच्या भरवशावर शेती करणारा आहे. सोयाबीन व तूर ही येथील खरिपाची मुख्य पिके. जून महिना उजाडला की बियाणे, खते व मजुरी यांसाठी घरातील शिल्लक रक्कम बाहेर पडते आणि जमिनीच्या स्वाधीन होते. ती परत येते दसरा-दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन बाजारात गेल्यावर.

नेमक्या याच जून-जुलै महिन्यांत बारावी उत्तीर्ण झालेली मुले-मुली महाविद्यालयांच्या दारी उभी असतात. पेरणीचे दिवस आणि प्रवेशाचे दिवस एकच. प्रवेशाची रक्कम, खोलीचे आगाऊ भाडे, खानावळीचा पहिला महिना, पुस्तके, एस.टी.चा पास या सर्व गोष्टी रोख पैसा मागतात. आणि शेतकरी व शेतमजूर कुटुंबाजवळ त्या वेळी रोख पैसा नसतो. एखाद्या हुशार मुलीचे शिक्षण थांबते, त्यामागे पुष्कळदा या चार महिन्यांची अडचण असते. विद्यार्थी-साहाय्याचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.

शासनाचा वाटा

शिक्षण शुल्काचा मोठा भार शासनाने उचलला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास घटकांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती योजना व डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीम येथील नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले.

तथापि शुल्क म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. शुल्क माफ झाले तरी जेवणखाण, निवारा व प्रवास हे खर्च उरतातच. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याचा अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी व विभागाची मंजुरी या पायऱ्या ओलांडून खात्यावर जमा होते. खानावळवाला तोवर थांबत नाही. शासनाची मदत पोहोचेपर्यंतचा हा काळ निभावून नेणे हे समाजातील दात्यांचे खरे कार्यक्षेत्र होय.

दातृत्वाची परंपरा

या कार्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. माधुकरी मागून आणि वारावर जेवून शिकलेल्यांची पिढी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची होती. त्या पद्धतीत अन्न मिळे, पण संकोचही सोसावा लागे, आणि बहुसंख्य जातींच्या मुलांना ती दारे उघडी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात विविध समाजांसाठी वसतिगृहे उभारली ती या उणिवेवरील उपाय म्हणून.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे नोकरीतील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले व अभ्यास पूर्ण केला. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याचीही वाट पैसा संपताच अडली. मदत सुरू करण्याइतकेच ती शेवटपर्यंत टिकवणे महत्त्वाचे, हा बोध त्यातून मिळतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी घरोघरच्या मूठभर धान्याचा मुष्टिफंड त्यांनी उभा केला. प्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले व पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठास दिलेल्या संपत्तीतून १९४२ साली तंत्रशिक्षणाची नामांकित संस्था सुरू झाली. वाशीम जिल्ह्यातही कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल समाजाच्या आश्रयाने स्थापन झाले. १९८३ साली स्थापन झालेल्या, या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात त्या अमरावती विद्यापीठाला आज संत गाडगे बाबांचे नाव आहे. बाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींच्या शिक्षणास मदत करण्याचा अंतर्भाव आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते.

दानाची रीत

पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीचे कार्य डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली सुरू केले. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना माफक खर्चात निवास व भोजन, त्याबरोबर स्वतःच्या श्रमाची जोड, आणि शिकून नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पुढील विद्यार्थ्यांना हात देणे, अशी तिची घडण आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था, घरात प्रथमच उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलांना देशातील नामवंत विद्यापीठांची माहिती व प्रवेशाचे मार्गदर्शन देते. पैसा, निवारा आणि माहिती या तिन्ही गोष्टी दानाच्याच होत.

या अनुभवांच्या आधारे काही पथ्ये सांगता येतील. विद्यार्थ्यांची निवड शिक्षक व जाणकार यांच्या समितीने करावी. जात, पक्ष वा नाते पाहू नये. रक्कम शक्यतो थेट खानावळीस, वसतिगृहास किंवा विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर द्यावी. व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून मदत देण्याचा मोह टाळावा. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे दान शिक्षणाला शोभत नाही. ज्यास हात दिला त्यास पदवीपर्यंत सोडू नये. निधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेमार्फत चालवावा, प्रत्येक दात्यास पावती द्यावी व लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सर्वांसमोर ठेवावा.

गावाचा शिक्षणनिधी

आता मूळ अडचणीकडे वळावयास हवे. पैशाची गरज पेरणीत आणि पैशाची आवक सुगीत, ही ती अडचण होय. तिचा उपायही गावाजवळच आहे. खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा व देवाचा वाटा बाजूला काढण्याची रीत विदर्भाला परिचित आहे. त्याच राशीतून शिक्षणाचा वाटा काढावा, तो विकून आलेली रक्कम बँकेत ठेवावी आणि पुढील जूनमध्ये खर्ची घालावी.

समजा, गावात ३०० घरे आहेत व प्रत्येक घराने पाच किलो सोयाबीन दिले. पंधरा क्विंटल माल जमेल. २०२४-२५ च्या हंगामातील प्रति क्विंटल ४,८९२ रुपये या आधारभूत किमतीने त्याचे ७३,३८० रुपये होतात. खानावळीचा खर्च महिन्याला तीन हजार रुपये धरल्यास सहा विद्यार्थ्यांचे पहिले चार महिने त्यात निघतात. ज्या घरी पीक बुडाले त्या घराकडून अर्थातच काही मागू नये. पुण्या-मुंबईस नोकरीस गेलेल्या ग्रामस्थांनी त्यांचा वाटा भरून काढावा.

शिक्षकांनी बारावीच्या वर्गातील गरजू मुले निकालापूर्वीच हेरून ठेवावीत. पंचायत सदस्यांनी शिष्यवृत्त्यांची माहिती व अर्जाच्या मुदती ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला वेळेवर मिळाला तर कित्येक विद्यार्थ्यांना दात्याकडे जाण्याची वेळच येणार नाही. तेव्हा तलाठी व तहसील कार्यालयातील वेळेवर झालेली स्वाक्षरी या कार्यात मोलाची आहे. मात्र तिला दान म्हणता येणार नाही, ते कर्तव्य आहे.

यंदाच्या सुगीत एका गावाने जरी असा वाटा बाजूला काढला, तरी पुढील जूनमध्ये त्या गावातील काही मुले-मुली निश्चिंत मनाने वर्गात बसलेली दिसतील. हा आरंभ प्रत्येक गावाच्या आवाक्यातील आहे.