पंखा चारवरच का चालतो?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कायद्यावर बोलून झालं, आरोग्यावर झालं. आता मी गाडीच्या एसीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. एकीनं विचारलंही, "ताई, आमच्या गावाला एसटी वेळेवर येत नाही, आणि तुम्ही एसीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचंच उत्तर देते.

आपली संघटनेची गाडी रात्री-अपरात्री निघते. कुणाला दवाखान्यात, कुणाला माहेरी, कुणाला पोलीस ठाण्यात न्यायचं असतं. गाडी चालवणारी बाई, मागे बसलेलीही बाई. अशा वेळी काचा बंदच ठेवाव्या लागतात. वैशाखात बंद काचांची गाडी म्हणजे भट्टी. पावसाळ्यात तर आतल्या दमट हवेनं समोरची काच धुरकटते, रस्ताच दिसेनासा होतो. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, म्हणून काच साफ होते. तेव्हा आपल्या गाडीपुरतं तरी एसीला चैन म्हणता येणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात या गाडीचा पंखा एक, दोन, तीनवर चालेना. चारवर मात्र सोसाट्यानं सुटायचा. मी गाडी गॅरेजमध्ये नेली. शेजारचे एक काका सोबत होते. त्यांना गाडी चालवताही येत नाही. पण कारागीर सगळं बोलला ते त्यांच्याशी. "साहेब, एसीचं सगळं पॅनेल बदलावं लागेल." मी विचारलं, "कशावरून?" तो हसून म्हणाला, "मॅडम, ते टेक्निकल आहे." खर्च काही हजारांचा सांगितला. एवढ्या पैशात आपलं तीन महिन्यांचं डिझेल येतं.

मी गाडी परत आणली. आम्ही तिघीजणी पदर खोचून बसलो आणि पॅनेल बदलण्याआधी विचार केला. पंखा चारवर चालतो, म्हणजे मोटार ठीक आहे. फ्यूजही ठीक आहे. तो उडाला असता तर पंखा कुठल्याच आकड्यावर चालला नसता. मग एक ते तीनमध्ये वेगळं काय? अशा साध्या बटणाच्या गाड्यांत चारवर पूर्ण वीज थेट मोटारीला मिळते. त्याखालच्या आकड्यांवर ती रेझिस्टर नावाच्या छोट्या भागातून जाते. त्यातली तारेची वेटोळी वीज अडवतात, म्हणून पंखा हळू फिरतो. वीज अडवताना तार तापते, म्हणून हा भाग मुद्दाम पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला असतो. आमच्या गाडीत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे निघाला. दोन स्क्रू आणि एक प्लग, बस्स.

किल्ली काढून, प्लग सोडवून भाग बाहेर काढला. मीटर ओहमवर लावला. चांगल्या रेझिस्टरमध्ये थोडेसेच ओहम दिसतात. आमच्या मीटरनं मार्ग तुटल्याचं दाखवलं. पॅनेलचा काही दोष नव्हता. नवा रेझिस्टर काही शे रुपयांत आला. पण तो बसवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: जुना जळला का? हवेची जाळी काढून पाहिली, तर धूळ आणि सुकलेल्या पानांनी गच्च भरलेली. वारा कमी, म्हणून तार जास्त तापली. जाळी साफ केली नसती, तर नवाही जळला असता. प्लगचं प्लास्टिक वितळलेलं नाही ना, हेही पाहून घेतलं.

पंखा नीट चालतो पण हवा गार नाही, अशी तक्रार असेल तर क्रम वेगळा. इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबा आणि बॉनेटकडे कान द्या. बहुतेक जुन्या गाड्यांत "टक्" असा आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरू होतो. तो येत नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. तेही ठीक असतील, तर गॅस कमी झाल्याची शक्यता मोठी. दाब उतरला की यंत्रणा कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. डॅशबोर्डमधून सारखी टिकटिक येत असेल, तर गार आणि गरम हवा मिसळणाऱ्या झडपेच्या छोट्या मोटारीचे दाते बहुधा झिजलेले असतात.

इथे आपला हात थांबतो. गॅसच्या नळ्या घरी उघडायच्या नाहीत. तो दाबाखाली असतो. डोळ्यात किंवा कातडीवर उडाला तर हिमदंशासारखी इजा होते. शिवाय हवेत सोडणं हा सगळ्यांचाच तोटा आहे. जुन्या आर-१२ गॅसनं ओझोनचा थर विरळ होतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं तो बंद करण्याची वाट धरली. नंतरचा आर-१३४ए ओझोनला इजा करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जोरदार आहे. आणि लक्षात ठेवा, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो. "दरवर्षी भरा" म्हणणाऱ्याला विचारा, "गळती शोधलीत का?"

आणखी काही काळजी. चालत्या इंजिनाजवळ पदर, ओढणी, वेणी सैल नको. बंद खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही. पिवळ्या वेष्टणाच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

१८८८ साली जर्मनीत बर्था बेन्झ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार, त्याला न विचारता, दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. आपल्या आयांनी रॉकेलच्या स्टोव्हला रोज पिन मारली, शिवणयंत्राला तेल दिलं. त्याला कुणी दुरुस्ती म्हटलं नाही, कारण ते बाईचं काम होतं.

मात्र घरातलं आणखी एक काम बिनपगारी अंगावर घ्या, असं मी सांगत नाही. कारागीराच्या पोटावर पाय द्यायचाही हेतू नाही. त्याच्या कष्टाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण आपल्याला समजणार नाही, असं गृहीत धरून कुणी आपल्या वतीनं निर्णय घेऊ नये. डॉक्टरसमोर, वकिलासमोर, तलाठ्यासमोर आपण हेच शिकतो आहोत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे. तो पोरींच्या कानावर घाला.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा तीन गोष्टी विसरू नका. कोणता भाग बिघडला? तो बिघडला हे कसं तपासलंत? आणि बदललात तर जुना भाग माझ्या हातात द्या.

गाडी बाहेर उभी आहे. चहा झाला की या, कप्पा उघडूनच दाखवते. जुना रेझिस्टर मी जपून ठेवलाय. तोही हातात घेऊन बघा.