मनगटावरची गांठ : भय नको, हेळसांडही नको
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या आरोग्यविषयक सभेंत आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या दिवसांत धर्मगुरूनें व्यासपीठावरून गांठीविषयीं बोलावें, ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मी कांहीं डॉक्टर नव्हे. परंतु लोक आपलीं दुखणीं डॉक्टरांच्या आधीं माझ्या कानांवर घालीत आले आहेत, आणि त्यांत मनगटावरील गांठीची गोष्ट मीं इतक्या वेळां ऐकिली आहे, कीं तिच्याविषयीं चार शब्द बोलणें मला कर्तव्य वाटतें. शिवाय ही गांठ मीं स्वतः भोगिली आहे.

सेमिनरींत असतांना, वयाच्या २२ व्या वर्षीं, माझ्या उजव्या मनगटाच्या पाठीवर सुपारीएवढा फुगवटा आला. दुखणें फारसें नव्हतें. लिहितांना मात्र मनगट अवघडे. माझ्या एका सोबत्यानें ऐकिलें होतें, कीं अशा गांठीवर जाडजूड ग्रंथ आपटला म्हणजे ती फुटून जाते. हा उपाय विलायतेंत जुना आहे. घरांतील सर्वांत जड पुस्तक बहुधा बायबलच असे, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत तिला 'बायबलची गांठ' असेंही नांव पडलें आहे. सोबत्यानें कातडी बांधणीचें बायबल उचललें आणि मीं हात मेजावर ठेविला. गांठ नाहींशी झाली खरी. परंतु मनगट सुजून काळेंनिळें पडलें, आठ दिवस लेखणी धरवेना, आणि चार महिन्यांनीं गांठ पुनः होती तेथेंच आली! पवित्र ग्रंथ वाचण्यासाठीं दिलेला आहे, आपटण्यासाठीं नव्हे, हा धडा मी तेव्हां शिकलों.

ह्या गांठीस डॉक्टर 'गँग्लियन' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ त्वचेखालची गांठ असाच आहे. सांध्याच्या आवरणापासून, किंवा स्नायूंस हाडाशीं बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांच्या वेष्टनापासून, एक लहानशी पिशवी फुगून येते व तींत पारदर्शक, जेलीसारखा चिकट द्रव सांठतो. ही पिशवी बहुधा एका बारीक देंठानें सांध्याशीं जोडलेली असते. म्हणूनच वरून ती फोडली, तरी देंठ शिल्लक राहून ती पुनः भरते. ती कां उद्भवते ह्याचा पूर्ण उलगडा वैद्यकशास्त्रास झालेला नाहीं. परंतु एक गोष्ट निश्चित आहे : ती कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढें कर्करोगही होत नाहीं.

आतां ती ओळखावी कशी? ती बहुतेक २० ते ४० ह्या वयांत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळते. तिची नेहमींची जागा मनगटाची पाठ. त्याखालोखाल मनगटाची तळव्याकडील बाजू, अंगठ्याजवळ. कित्येकांस बोटाच्या मुळाशीं वाटाण्याएवढी कठीण गांठ येते, तर कित्येकांस पावलाच्या वरच्या बाजूस. वयस्कर माणसांत, सांधे झिजले म्हणजे, बोटाच्या शेवटच्या सांध्यावर नखाजवळ बारीक फोडासारखी गांठ येते व नखावर चर पडते. गांठ गोल, गुळगुळीत व घट्ट असते. वरची कातडी तीवरून सरकते. हाताला काम पडलें म्हणजे ती वाढते, विसावा मिळाला म्हणजे ओसरते. अंधारांत मोबाईलची बॅटरी तिला टेकविली, तर पुष्कळदां आंतून उजेड पार जातो. तथापि ही परीक्षा घरच्या घरीं पुरी मानूं नये, निर्णय डॉक्टरांचा.

हें मी आग्रहानें कां सांगतों, त्याचीं दोन उदाहरणें देतों. फुलें खुडून बाजारांत नेणारी एक भगिनी वर्षभर बाहीखालीं गांठ झांकून फिरत होती. कर्करोगाच्या भयानें तिनें घरींही सांगितलें नाहीं. रात्रीं झोंप नाहीं, मुलांकडे पाहून अश्रू. डॉक्टरांनीं पांच मिनिटांत तिचें भय दूर केलें. दुसरें उदाहरण ह्याच्या उलट. एका गृहस्थांच्या मनगटाच्या आंतल्या बाजूस सूज आली, ती तळहातांतही उतरली. "साधी गांठ आहे," म्हणून त्यांनीं दीड वर्ष काढलें. तो क्षयरोग निघाला! क्षय फुप्फुसांतच होतो असें नाहीं. मनगटाच्या त्या वेष्टनांतही तो शिरतो, आणि मग आंत तांदळाच्या कण्यांसारखे कण सांपडतात. त्यावर कित्येक महिने नेमानें औषध घ्यावें लागतें. तें सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतें. पहिलीनें भयानें दुःख भोगिलें, दुसऱ्यानें हेळसांडीनें. दोघांसही लवकर दाखविणें हाच एक उपाय होता.

म्हणून गांठ लाल व गरम झाली, ताप आला, ती झपाट्यानें वाढूं लागली, रात्रीं ठणकूं लागली, बोटांस मुंग्या येऊं लागल्या किंवा पकड ढिली पडली, तर एक दिवसही दवडूं नये.

साध्या गांठीस बहुधा कांहींच करावें लागत नाहीं. सुमारें निम्म्या गांठी कालांतरानें आपोआप जिरतात; माझीही तशीच जिरली. त्रास होत असल्यास मनगटास आधाराची पट्टी बांधून कांहीं दिवस विसावा द्यावा. तेवढ्यानें न भागल्यास डॉक्टर सुईनें द्रव काढून घेतात. परंतु देंठ राहत असल्यामुळें अशा निम्म्याहून अधिक गांठी परत येतात. शेवटचा उपाय शस्त्रक्रिया. तींत देंठासकट गांठ काढतात. तरीही कांहीं परत येतात, व्रण राहतो, आणि हात पूर्ववत् होण्यास कांहीं आठवडे लागतात. ह्या सर्वांचा विचार करूनच निर्णय घ्यावा.

आणि काय करूं नये, तें तर स्मरणांत ठेवाच. गांठीवर कांहीं आपटूं नये, हाड मोडेल. घरीं सुई टोंचूं नये, विशेषतः नखाजवळच्या गांठीस. तेथून पू थेट सांध्यांत शिरतो. मनगटाच्या आंतल्या बाजूस तर गांठीलगतच नाडीची रक्तवाहिनी असते. डाग देऊं नये, नाणें ठेवून करकचून बांधूं नये.

जुन्या करारांतील सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा मान राखण्यास सांगितलें आहे. घरांत कोणी बाही ओढून हात झांकीत असेल, तर आज घरीं गेल्यावर तिला प्रेमानें विचारा, आणि ह्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे घेऊन जा. एवढी माझी विनंति.